सेन्सिटिव्ह पेस्ट लावूनही दात परत परत शिवशिवतात? कारण असं शोधा

महिनाभर सेन्सिटिव्ह पेस्ट लावली, बरं वाटलं. ट्यूब संपली, घरातली नेहमीची पेस्ट सुरू झाली, आणि माठातल्या पाण्याच्या पहिल्याच घोटाला दातातून पुन्हा सणक गेली. मग दुसऱ्या कंपनीची पेस्ट, मग शेजारच्यांनी सांगितलेलं आयुर्वेदिक मंजन, मग परत पहिली पेस्ट. दवाखान्यात बसल्यावर ही कहाणी सारखी कानावर येते.

पेस्ट खोटी नसते. कळ कमी करणं हे तिचं काम आणि ते ती करते. पण दात मुळात उघडा का पडला, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. ते कारण घरात चालूच राहतं, बहुतेक वेळा बेसिनपाशीच. ते हाती लागत नाही तोवर पेस्टी बदलण्यात पैसे जातात, दुसरं काही होत नाही. आणि कारण शोधण्याचं निम्मं काम घरच्या घरी, आरशासमोर उभं राहून होतं.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. दाताचा जो भाग तोंडात दिसतो त्यावर इनॅमलचं टणक कवच असतं. हिरडीच्या आत गेलेल्या मुळावर इनॅमल नसतंच, तिथे सिमेंटमचा अगदी पातळ थर असतो आणि तो सहज झिजतो. दोन्हींच्या खाली डेंटिन. हे डेंटिन भरीव दिसलं तरी सूक्ष्म नळ्यांनी भरलेलं आहे, चौरस मिलिमीटरला हजारो नळ्या, आणि प्रत्येकीत द्रव. कवच गेलं की नळ्यांची तोंडं उघडी पडतात. थंड पाणी, गार वारा, गोड किंवा आंबट काही लागलं की आतला द्रव हलतो आणि त्या हालचालीने दाताची नस कळवळते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांतून हे दाखवलं आणि आजही बहुतेक दंतवैद्य हेच स्पष्टीकरण मानतात. मोटरसायकलवर तोंड उघडं ठेवलं तरी नुसत्या वाऱ्याने दात का शिवशिवतो, ते यावरून कळेल. उपायही दोनच प्रकारचे निघतात: नळ्यांची तोंडं बुजवा, नाहीतर नसेला शांत करा.

पहिली तपासणी: कळ किती वेळ टिकते

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी बघत नाही. थंड पाण्याचा घोट घ्या, गिळा, आणि घड्याळाकडे बघा.

घोट गेला आणि दोन-चार सेकंदांत कळही गेली, तर नस धडधाकट आहे. दात उघडा पडला आहे एवढंच. पुढचा बराचसा मजकूर तुमच्यासाठी आहे.

पाणी गिळून अर्धा मिनिट झाला तरी ठणका चालूच, तर आतली नस सुजली आहे. हिला सेन्सिटिव्ह पेस्ट लावत बसू नका. ती वेळ गेली. तसंच गरम चहाने कळ उठते, रात्री आडवं झालं की दाढ ठणकते, काही न खातापिता मध्येच सणका मारतो, ही सगळी नसेच्या दुखण्याची लक्षणं. काही पेशंट तर हातात बर्फाच्या पाण्याची बाटली घेऊनच येतात, कारण गारव्यानेच तेवढं बरं वाटतं. म्हणजे नस शेवटच्या घटका मोजते आहे. अशा दाताला बहुधा रूट कॅनाल लागतं.

आणि एक फसवा प्रकार. आठवडाभर भयंकर ठणकणारी दाढ एका रात्रीत गप्प होते. घरचे म्हणतात, ‘बघ, लवंगेच्या तेलाने राहिली.’ नस मेली की दुखणं थांबतंच. जंतूंचं काम मात्र मुळाच्या टोकाशी चालू राहतं आणि काही आठवड्यांनी नाहीतर काही महिन्यांनी गाल सुजतो. न दुखणारी पण रंगाने काळवंडलेली किंवा हिरडीवर पुटकुळी आलेली दाढ असेल तर एक्स-रे काढून घ्या.

दुसरी तपासणी: एकच दात की सगळीकडे

बोट ठेवून ‘हाच’ असं सांगता येत असेल तर बहुतेक वेळा त्या एका दाताचंच काही बिघडलेलं असतं. दोन दाढांच्या फटीत कीड असेल तर ती आरशात दिसत नाही. खूण अशी, की त्या फटीत रोज अन्न अडकतं, किंवा फ्लॉसचा दोरा तिथे फाटतो. सिमेंट भरलेली दाढ असेल तर भरल्यानंतर काही दिवस थंड लागणं नेहमीचं आहे, दोन-तीन आठवड्यांत ते ओसरतं. पण भरल्यापासून दात मिटताना ती दाढ आधी टेकते आणि चावताना दुखते असं असेल तर सिमेंट उंच राहिलं आहे. परत जा. पाच मिनिटांत घासून देतात. ‘आता कशाला डॉक्टरांना त्रास’ म्हणून लोक महिना महिना एका बाजूने जेवतात, त्याची काही गरज नाही.

तडा गेलेली दाढ ओळखायला अवघड. हिची खूण विचित्र आहे: घास दाबताना तितकं नाही, पण दाब सोडताना विजेसारखी कळ. तीही रोज नाही, एखाद्या ठरावीक जागी कडक दाणा आला तरच. एक्स-रेत तडा बहुतेकदा दिसत नाही, त्यामुळे पेशंटला वाटतं डॉक्टरांना कळत नाही आणि डॉक्टरांना वाटतं पेशंट वाढवून सांगतोय. सुपारी फोडणारे, बर्फ चावणारे, मटणाची नळी दाढेखाली धरणारे लोक यात पुढे. जुनी मोठी चांदी भरलेल्या दाढाही तडकतात. वेळेत कॅप बसली तर दाढ वाचते. तडा मुळापर्यंत गेला तर काढावीच लागते.

वरच्या मागच्या दाढा सगळ्याच एकदम दुखतात, खाली वाकलं की गालात जड होतं, सोबत सर्दी आहे? मग दात सोडा, सायनस बघा. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या पोकळीला अगदी लागून असतात.

तोंडभर शिवशिवतं, त्याची नेहमीची कारणं

आता ज्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहितो आहे ते लोक. बऱ्याच दातांना थंड लागतं, कळ लगेच जाते, आणि पेस्ट थांबवली की परत येते.

आरशासमोर ओठ वर उचलून सुळा आणि त्याच्यामागचे दोन दात बघा. हिरडीच्या कडेला दात पिवळसर आणि लांब दिसतो का? तिथे नख वरून खाली हळूच फिरवा. खाचेत नख अडकलं तर घासून घासून दाताची मान झिजली आहे. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांच्या बहुतेकदा डाव्या बाजूला ही खाच जास्त खोल असते, कारण तिथेच ताज्या दमाचा हात पहिला जोर लावतो.

एक निवृत्त मास्तर मध्यंतरी आले होते. पेस्टींची नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. म्हटलं, ‘मास्तर, घरी ब्रश करता तसा करून दाखवा बघू.’ त्यांनी ब्रश मुठीत धरला आणि चिंच लावून पितळेची कळशी घासावी तसा आडवा चालवला. डाव्या सुळ्याची खाच बरोबर त्या फटकाऱ्याखाली.

‘ब्रश कुठला वापरता?’

‘हार्ड. मऊने साफ झाल्यासारखं वाटत नाही हो डॉक्टर.’

‘ते वाटण्यासाठीच दात झिजतायत, मास्तर.’

दातावरचा चिकट थर इतका मऊ असतो की तो नखाने निघतो, त्याला जोराची गरजच नाही. आणि तो थर कडक होऊन त्याचं कीटण झालं की कितीही घासा, घरच्या ब्रशने ते निघत नाही. म्हणजे जोर लावण्याचा कुठेच फायदा नाही. तुमचा हात जड आहे का, हे ब्रश स्वतः सांगतो: महिनाभरात त्याचे केस दोन्ही बाजूंना फेंदारले असतील तर जड आहे.

ब्रश ‘सॉफ्ट’ लिहिलेलाच घ्या. पेन धरतो तसा तीन बोटांत धरा, मग जोर लावायचा म्हटला तरी लागत नाही. केस अर्धे हिरडीवर, अर्धे दातावर, तिरके टेकवून जागच्या जागी लहान गोल फिरवा आणि पुढे सरका. आतली बाजू विसरू नका. दोन मिनिटं. घड्याळ लावून बघाल तेव्हा कळेल की आपण चाळीस-पन्नास सेकंदांत आटोपत होतो.

मंजनांबद्दल स्पष्टच लिहितो. गेरू घातलेली लाल मंजनं, कोळशाच्या पेस्टी, मीठ-लिंबू, राखुंडी, या सगळ्या घासून घासून चमक आणणाऱ्या गोष्टी. ज्याचे दात आधीच शिवशिवतात त्याने यांच्या वाटेला जाऊ नये. ‘आमच्या आजोबांनी आयुष्यभर राखुंडीच लावली’ हे मला रोज ऐकवलं जातं. आजोबांच्या दाढा किती शिल्लक होत्या, हे मात्र कोणी सांगत नाही.

मशेरीचं वेगळं सांगायला हवं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची, ही सवय आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, अजून आहे. दिवसातून तीन-चार वेळा. लावली की बरं वाटतं ते निकोटिनमुळे, तलफ भागते म्हणून. हिरड्या मात्र खाली सरकतात, मुळं उघडी पडतात, दात शिवशिवतो, आणि शिवशिवतो म्हणून परत मशेरी. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि पेस्टी बनवण्यावर, विकण्यावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला कोण विचारणार? तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. एखाद्या मावशींना हे सांगताना मी हिरडीवरचा पांढरा चट्टा आरशात दाखवतो. नुसत्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो. असा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, किंवा तोंड पहिल्यासारखं उघडत नसेल, तर दात शिवशिवणं बाजूला ठेवून आधी ते दाखवा.

पुढचं कारण आंबट. इनॅमल साधारण पीएच ५.५ च्या खाली विरघळायला लागतं (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट). लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५, कोलाही त्याच्याच आसपास. उघड्या पडलेल्या मुळाला तर ५.५ इतकं आंबटही लागत नाही, ते त्याआधीच विरघळायला लागतं. कैरी, चिंच खाऊन दात आंबतात ते लहानपणापासून माहीत असतं, आणि ते तासाभरात ठीकही होतं, कारण लाळ आम्ल धुऊन टाकते आणि गेलेलं थोडं कॅल्शियम परत बसवते. घोटाळा होतो तो रोजच्या सवयीने. वजन कमी करायला उपाशीपोटी कोमट लिंबूपाणी किंवा व्हिनेगर घोट घोट पीत बसायचं आणि लगेच ब्रश करायचा. आम्लाने मऊ झालेला थर ब्रश खरवडून नेतो. प्यायचंच असेल तर एका बैठकीत प्या, वर साध्या पाण्याची चूळ भरा आणि ब्रश अर्धा तास लांबवा. नाहीतर ब्रश आधी करा. कोकम सरबत, सोलकढी जेवणाबरोबर घेतली तर काही बिघडत नाही, दुपारभर बाटलीतून चुटूचुटू पिणं वाईट.

आम्ल आतूनही येतं. ज्यांना पित्ताचा त्रास आहे, छातीत जळजळतं, आंबट पाणी तोंडात येतं, त्यांच्या वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू गुळगुळीत आणि पातळ झालेली असते. जीभ फिरवून बघा. इथे पेस्टने भागत नाही, पित्तावर इलाज हवा. गरोदरपणातल्या उलट्यांचंही तेच: उलटीनंतर ब्रश नको, ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा.

झोपेत दात खाणाऱ्यांना स्वतःला पत्ता नसतो, तो बाजूला झोपणाऱ्याला असतो. सकाळी जबडा आंबलेला, कानशिलं जड, सुळ्यांची टोकं सपाट झालेली, अशा खुणा असतील तर रात्री घालायचा गार्ड बनवून घ्या.

आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी: चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड भागांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्याने दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी डाग पडतात. ते डाग इनॅमलच्या आतले. घासून जात नाहीत. घासून शिवशिव मात्र नक्की येते.

पेस्ट वापरायची तर अशी

पेस्टला नावं ठेवली, आता तिची बाजू. ट्यूबच्या मागे घटक वाचा. पोटॅशियम नायट्रेट ५ टक्के असेल तर ती नसेला शांत करते, आणि त्याला दोन ते चार आठवडे लागतात. पाच दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन किंवा नोवामिन असेल तर ती नळ्यांची तोंडं बुजवते. दोन्ही चालतात. फ्लोराइड हवंच. आपल्याकडे पेस्टमध्ये ते १००० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाखांत हजार भागांपेक्षा) जास्त घालायला परवानगी नाही आणि आकडा ट्यूबवर छापावा लागतो, तो शोधा. बऱ्याच ‘हर्बल’ पेस्टींत फ्लोराइड नसतंच. ‘व्हाइटनिंग’ लिहिलेली पेस्ट तूर्त बाजूला ठेवा.

पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरे, जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लागत नाही. लहान मुलांच्या हाती मात्र ती तुम्हीच द्या: तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, कारण ती गिळतात. ब्रश झाल्यावर फेस थुंका आणि खळखळून चुळा भरू नका. आपल्याला लहानपणापासून उलटंच शिकवलंय, पण तीन-चार चुळांत सगळं औषध बेसिनात जातं. रात्री झोपताना थोडी पेस्ट बोटाने त्या खाचेवर चोळून तशीच ठेवा. रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी सुटते. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या काही औषधांनी दिवसाही तोंड कोरडं पडतं. औषध बंद करू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

दात साफ करून घेतले की शिवशिव वाढते, हे खरं आहे. आठवडा-दोन आठवडे. कीटणाने झाकलेलं मूळ उघडं पडतं म्हणून. ‘साफ केल्याने दात हलायला लागतात’ हे मात्र खरं नाही. हाड आधीच गेलेलं असतं, कीटणाचा बांध दातांना धरून होता. मधुमेह असेल तर हे काम टाळत राहू नका, हिरड्या आणि साखर एकमेकांना बिघडवतात.

सिमेंट भरलं, तेही पडलं

दाताच्या मानेवरची खाच खोल असेल तर तिथे दाताच्या रंगाचं सिमेंट भरतात. कळ लगेच थांबते. आणि काहींचं ते वर्षभरात गळून पडतं, मग ‘डॉक्टरने नीट भरलं नाही’. कधी खरंही असेल. पण बऱ्याचदा ब्रश तोच, मूठ तीच, किंवा रात्री दात खाण्याने मानेवर ताण येत राहतो आणि सिमेंट सुटतं. परत भरण्याआधी विचारा: ‘हे पडलं का?’ डॉक्टरांनी तुमचा चावा, म्हणजे वरखालचे दात कसे मिटतात, ते बघितलं नाही, ब्रश कसा करता ते विचारलं नाही, तर दुसऱ्या कोणाला दाखवा. सिमेंट भरण्याइतकी खाच नसेल तर दवाखान्यात फ्लोराइडचं व्हार्निश लावतात, काही महिन्यांनी ते पुन्हा लावावं लागतं. हिरडी फारच खाली गेली असेल तर टाळूचा तुकडा लावून मूळ झाकण्याची शस्त्रक्रियाही होते, पण ती सगळ्यांना लागत नाही.

घरगुती उपायांपैकी लवंगेचं तेल तात्पुरतं चालतं, तेही कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब, फक्त किडलेल्या खड्ड्यात. हिरडीला लागलं तर चरचरून भाजतं. किडक्या दाढेत तपकीर किंवा तंबाखू कोंबणं, गालात ॲस्पिरिनची गोळी धरून ठेवणं, यातून फक्त जखमा होतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. मेलेल्या नसेत रक्त फिरत नाही, तिथे गोळी पोहोचणार कशी? गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकते आहे, ताप आहे, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होतोय, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. खासगी दवाखान्याच्या मानाने फार कमी पैशांत काम होतं. रांग असते, हेलपाटे पडतात, आणि काम विद्यार्थी करतात, पण पाठीशी शिक्षक उभे असतात. जाताना तुमचा सध्याचा ब्रश आणि पेस्टची ट्यूब पिशवीत घालून न्या. ‘थंड लागतं’ एवढंच न सांगता कुठल्या दाताला, कशाने, आणि पाणी गिळल्यावर किती सेकंद, हे सांगा.